रुक्मिण बाजीराव खाडे, मयत

“म्याडम, मी कवा मेले तेवढं सांगता का?”

सात मार्चची दुपार होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मी एकटीच बसले होते आणि दुसऱ्या दिवशीच्या महिला ग्रामसभेचं भाषण वहीत उतरवून काढत होते. दारात शीतलची आई उभी होती. हातात चार घड्या घातलेला कागद. हसावं की रडावं हे तिचंच ठरलेलं नव्हतं. मी कागद उलगडला. मृत्यूचा दाखला होता. नाव, रुक्मिण बाजीराव खाडे. मृत्यूची तारीख, चौदा जून एकोणीसशे शहाऐंशी. खाली गोल शिक्का आणि सही. सही माझी होती.

“शीतलनं वाचून दावला,” ती म्हणाली. “तिच्या बापाच्या पिशवीत व्हता. पोरीचा उद्या दहावीचा पेपर हाय आन् ती सकाळधरनं रडायलीय. म्हनती, आई, तू मेलीस म्हनून लिवलंय. मी म्हनलं थांब, म्याडमला इचारून येते.”

मला त्या गावात रुजू होऊन आठ महिने झाले होते. वय सव्वीस, नोकरी तीन वर्षांच्या कंत्राटावर. ग्रामसेविका म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची निबंधकसुद्धा असते, हे लोकांना नीट माहीत नसतं. खरं सांगायचं तर मलाही त्याचं वजन नीट कळलेलं नव्हतं. आठवड्यापूर्वी बाजीराव खाडे आला होता. पहिल्या मंडळीचा मृत्यूचा दाखला पाहिजे, रेशन कार्डाचं काम आहे, म्हणाला. मी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, नोंद सापडली, उतरवली, शिक्का मारला. कशाला हवाय, हे खोदून विचारलं नाही. त्याच्या आताच्या बायकोचं नावही रुक्मिणच आहे, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. मी तिला शीतलची आई म्हणूनच ओळखत होते, सगळं गाव ओळखतं तशी.

“हा तुमचा नाही हो,” मी घाईघाईनं म्हणाले. “त्यांच्या पहिल्या बायकोचा आहे.”

“ते मला समजतंय. शहाऐंशीला मपलं लगीनबी झालं नव्हतं.” ती खाली फरशीवर बसली. खुर्ची दाखवली तरी बसायची नाही. “पर नाव मपलं हाय ना? माहेरची मी मथुरा. ताटात तांदूळ पसरून नवं नाव लिव्हत्यात तसं लिव्हलं आन् सासू म्हनली, हिला रुक्मिणच म्हना, आमच्या तोंडाला तेच नाव बसलंय. मेलेल्या बाईचं भांडं घ्यावं तसं नाव घेतलं मी. तवा काय कळत व्हतं?”

मी हसले नाही. कारण माझ्या टेबलाच्या खणात त्याच सकाळी आलेला एक अर्ज होता आणि आत्ता कुठे तो मला कळायला लागला होता.

अर्ज बाजीरावचा होता. त्याच्या घराला गावात बरीच किंमत आली होती. रस्ता रुंद होत होता आणि घर ऐन रस्त्याला लागून होतं. दोन वर्षांपूर्वी सरकारचा हुकूम आला होता की घर नवराबायको दोघांच्या नावावर लावायचं. माझ्या आधीच्या ग्रामसेवकानं गावातल्या सगळ्याच घरांना तसं लावून टाकलं होतं. गावातल्या घरांची नोंद असते त्या नमुना आठच्या रजिस्टरला बाजीरावच्या नावापुढे रुक्मिण बाजीराव खाडे हे नाव होतं. ते नाव असेपर्यंत तिच्या अंगठ्याशिवाय घर विकता येत नव्हतं. आणि अर्जात लिहिलं होतं की सदर रुक्मिण ही मयत असल्यानं तिचं नाव कमी करावं, सोबत मृत्यूच्या दाखल्याची नक्कल जोडली आहे.

मी तिला एवढंच विचारलं, “घर विकायला काढलंय का?”

“शुक्रवारी खरेदी हाय म्हनत्यात. सरपंच प्रयागबाईचा भाऊ घेतोय, धाबा टाकनार हाय. आमच्या ह्यांनी कारखान्याकडं दुसरं घर केलंय, तुमाला ठाव नसंल. मला म्हनत्यात, जा भावाकडं. भावाला तीन पोरी आन् एक खोली.” मग तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. “म्याडम, माझ्या अंगठ्याबिगर व्हत नाई ना खरेदी? आधीचे साहेब म्हनले व्हते.”

तिचा मृत्यू मी स्वतःच्या सहीनं लिहून दिला होता. हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं, “बघते मी.”

मी मतदार यादी काढली, तिच्याकडून रेशन कार्ड आणवलं. सगळीकडे नुसतं नाव, रुक्मिण; फोटो कुठेच नाही. लग्नाची नोंद नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. मथुरा नावाची बाई या जगात जन्मली होती, याचा एकही कागद कुठे नव्हता.

संध्याकाळी भानुदासअण्णा आले. सरपंच त्यांच्या पत्नी, प्रयागबाई सानप. जागा बायकांसाठी राखीव होती म्हणून त्या सरपंच आणि अण्णा कारभारी. अण्णा बोट ठेवत तिथे त्या सही करत. इतकी सवय झाली होती की अण्णांनी टेबलावरची माशी हाकलायला बोट पुढे केलं तरी त्या पेन उघडत, असं शिपाई मला हसत सांगायचा.

“ढगे म्याडम, उद्याचं भाषण झालं का तयार?”

“हो, अण्णा.”

“चांगलं करा. चहा, बिस्किटं मी बघतो. बायकांच्या सह्या, अंगठे कोऱ्या पानावर घेऊन ठेवा नेहमीसारखे. वर काय लिहायचं ते परवा सावकाश लिहू. बाजीरावचा एक विषय आहे, तो त्यातच बसवून टाकू. बायकांच्या सभेनंच नाव कमी केलं म्हटल्यावर उद्या कुणी बोंब मारायची नाही.”

 कोऱ्या पानावर सह्या घ्यायची आमच्याकडची रीतच होती. मीही आठ महिने तशाच घेतल्या होत्या. म्हणजे गावातल्या बायका उद्या महिला दिनाला येणार, चहा पिणार, अंगठे देणार, आणि त्याच अंगठ्यांच्या वर त्यांच्यातल्याच एका बाईला बेघर करणारा ठराव बसणार.

“अण्णा, पण ती बाई जिवंत आहे. नाव दोन हजार चारला लागलंय. मेलेल्या बाईचं नाव कोण लावेल?”

“आधीच्या साहेबांनी रेशन कार्ड बघून लावलं. कार्डावर जुन्या बाईचं नाव तसंच राहिलं होतं. चूक झाली, ती दुरुस्त करायची.” अण्णा खुर्चीत मागे रेलले. “आता हिला रुक्मिण म्हणाल, तर रुक्मिण मेली. मथुरा म्हणाल, तर मथुरा रजिस्टरला नाही. तुम्हीच सांगा कुठं लिहायचं हिला?” जाता जाता दारात थांबले. “आणि दाखला तुमच्या सहीचा आहे. तो चुकीचा म्हणालात तर वरती मला कळवावं लागेल. कंत्राट आहे ना तुमचं?”

रात्र कशी काढली ते विचारू नका.  मी अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे करणार आहे की नाही, हे मला सभेच्या दारात पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं. शूर माणसं कशी असतात मला माहीत नाही, मी त्यातली नव्हते.

सभा दुपारी दोनला समाजमंदिरात होती. एकला टँकर येऊन गेला होता, म्हणून बायका ओल्या पदरानंच आल्या. साठसत्तर तरी असतील. टँकर कुठल्या गल्लीला किती वेळ थांबणार ते अण्णा ठरवत, त्यामुळे सभेला यायचा निरोप गेला की सगळ्या येत. पुढे खुर्चीवर प्रयागबाई, हातात टोपण लावलेला पेन घेऊन. महिलांच्या सभेत पुरुष बसत नाहीत असा नियम आहे, म्हणून अण्णा आणि बाजीराव आत न बसता दाराच्या पायरीवर बसले. रुक्मिण आली ती एका म्हातारीला हाताला धरून. म्हातारीला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. आसरामाय. गावाच्या खालच्या अंगाला एकटीच राहायची. “ही मपली माय,” म्हणून रुक्मिणनं पूर्वी एकदा ओळख करून दिली होती आणि मी तिला रुक्मिणची आईच समजत होते.

मी भाषण सुरू केलं.  मी न्यूयॉर्कच्या कापड कामगार बायकांबद्दल सांगितलं. दिवसाचे तास कमी करा म्हणून त्या रस्त्यावर आल्या. कोपनहेगनला जगभरच्या बायका जमल्या आणि आपला एक दिवस असावा असं ठरलं, ते सांगितलं. समोरचे चेहरे कोरे होते. मग रशियातलं सांगितलं. लढाई चालू, थंडी, पावासाठी तासनतास रांगा. आठ मार्चला गिरणीतल्या आणि रांगेतल्या बायकाच रस्त्यावर आल्या, आम्हाला भाकर द्या म्हणत. आठवड्यात राजाला गादी सोडावी लागली.

“राजा गेला?” पुढे बसलेल्या गोदावरीनं विचारलं.

“गेला. आणि बायकांना मताचा हक्क मिळाला.”

“ते झालं. भाकर मिळाली का?”

मला माहीत नव्हतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते दिलेलं नव्हतं. मी म्हणाले, “माहीत नाही.” बायका हसल्या. “म्हंजी आपल्यासारखंच की,” कुणीतरी मागून म्हणालं आणि जास्तच हसल्या. पायरीवर अण्णाही हसले. मग त्यांनी मला हातानं खूण केली, आता सह्या घ्या.

शिपायानं कोरं पान आणि शाईचा पॅड पुढे केला. मी पान हातात घेतलं. एकदा वाटलं, घे सह्या आणि मोकळी हो. घरी आई होती, धाकटा भाऊ शिकत होता, पगार माझ्या एकटीचा. रुक्मिण तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला वाटत होतं म्याडम बघतायत. तेच मला सहन झालं नाही.

मी पेन काढला आणि त्या कोऱ्या पानावर सगळ्यांसमोर लिहायला लागले. लिहीत असतानाच मोठ्यानं वाचलं.

“विषय पहिला. महिला दिनाची माहिती देणे. विषय दुसरा. रुक्मिण बाजीराव खाडे या मयत असल्याने त्यांचे नाव घराच्या नोंदीतून कमी करणे.”

 सगळ्या माना रुक्मिणकडे वळल्या. गोदावरी म्हणाली, “मयत? ही काय बसलीय की!”

अण्णा उठून दारात आले. “म्याडम, हे वाचायचं कुणी सांगितलं?” मग बायकांकडे वळून, समजुतीच्या सुरात, “बायांनो, गोंधळू नका. ही नाही. पहिली रुक्मिण. ती मेलेली आहे का नाही? सरकारी दाखला आहे. विचारा म्याडमला, सही कुणाची आहे.”

“माझी आहे,” मी म्हणाले.  “बाजीराव आले, रेशन कार्डाला पाहिजे म्हणाले, मी कशाला हवा ते न विचारता लिहून दिला. चूक माझी आहे. त्या दाखल्यावर या बाईचं नाव घरावरनं काढणार आहेत. शुक्रवारी घर विकलं जाईल आणि ही आणि शीतल रस्त्यावर येतील. ही कोण आहे, हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. तुम्हीच आहात. तुम्ही हिला ओळखता का, एवढं मला लिहून द्या. रुक्मिण म्हणून घरावर जे नाव लागलंय ते हिचंच, एवढा ठराव करा.”

रुक्मिण माझ्याकडे बघत राहिली. दाखल्यावरची सही कुणाची ते तिला वाचता आलं नव्हतं, शीतलनंही सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा पडलेला मी बघितला. पुढे कितीतरी वर्षं तो मला आठवत राहिला.

 बायका खाली बघायला लागल्या, गोदावरीसुद्धा. मला कळत होतं त्यांना काय वाटत असेल. उद्या टँकर येणार होता, परवा येणार होता, पावसाळा लागेपर्यंत रोज येणार होता आणि तो अण्णांच्या शब्दावर थांबणार होता.

“बाजीराव, तू सांग,” अण्णा म्हणाले.

बाजीराव पायरीवरून न उठता म्हणाला, “मी काय, अण्णा म्हनतील तसं.”

“झालं तर. घ्या सह्या.”

तेव्हा आसरामाय उठली. उठायला तिला वेळ लागला, रुक्मिणच्या खांद्यावर हात टेकून ती उभी राहिली.

“कोन मेलं ते मला इचारा,” ती म्हणाली. “मपली लेक व्हती ती.”

 शेजारची बाई हळूच म्हणाली, “पहिल्या रुक्मिणची आई हाय, म्याडम.”

“तारीख मला ठाव नाई. पेरनी चालू व्हती. लेकरू आडवं आलं, दोघंबी गेले. तिला मी न्हाऊ घातलं. हिरवा चुडा मीच भरला. मातीत घालताना मी बघितलं, तवा डोळे चांगले व्हते मपले. मंग वरीस सरायच्या आत ह्यांनी ही आनली आन् मपल्या लेकीचं नाव हिला ठिवलं. मला लई राग आला. म्हनलं, लेक नेली ती नेली, नावबी नेलं. ही मपल्या दारात आली, पाया पडली, म्हनली, माय, मी रुक्मिण. मी तोंडावर दार लावलं. दुसऱ्या दिशी परत आली. तिसऱ्या दिशी आली. भाकर ठिवायची उंबऱ्यावर आन् जायची. किती दिस लावनार मानूस दार?”

ती दाराच्या दिशेनं वळली. अण्णा नेमके कुठे उभे आहेत हे तिला दिसत नव्हतं, ती थोडी भलतीकडेच बघत होती.

“भानुदास, माझी रुक्मिण एकदा मेली. बास झालं. तिला अजून कितींदा मारता रे? ही जित्ती हाय. मी आई हाय, मी सांगते.” मग माझ्या दिशेनं, “आना तुमची शाई.”

अण्णांनी बायकोकडे बघितलं. “चल, ऊठ. सभा संपली. अध्यक्षाची सही नाही, तर ठराव कसला?”

ते खरंच होतं. प्रयागबाईंच्या सहीशिवाय त्या पानाला काडीची किंमत नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. घर घेणारा त्यांचा भाऊ होता, दारात त्यांचा नवरा उभा होता. त्या पदर सावरून उभ्या राहिल्या आणि माझा धीर सुटला. संपलं, असं वाटलं. त्या टेबलाशी आल्या. पॅड उचलून त्यांनी आसरामायच्या हातापर्यंत नेला, तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला आणि मग कागदावर.

“अगं, वाचलंयस तरी का काय लिहिलंय?” अण्णा ओरडले.

“आज पहिल्यांदाच कुनी वाचून दावलंय,” प्रयागबाई म्हणाल्या. त्यांचा पेन उघडलेला होता. त्यांनी मला विचारलं, “ठराव लिव्हा की आधी. सही कुठं करू?”

मी लिहिलं. त्यांनी एक एक अक्षर जोडत सही केली. त्यानंतर गोदावरी उठली. मग दुसरी, मग तिसरी. रांग दारापर्यंत गेली, अण्णांना पायरी सोडून बाजूला व्हावं लागलं. मी अंगठे मोजले नाहीत. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

खरेदी मोडली. शीतल पास झाली. महिनाभर टँकर खालच्या गल्लीला नुसता हॉर्न वाजवून पुढे जात होता, बायका डोक्यावर हंडे घेऊन त्याच्यामागे पळत होत्या, आणि प्रयागबाईंच्या गालावर एकदा वळ दिसला, हेही सांगितलं पाहिजे. जूनमध्ये मला दुसऱ्या तालुक्याला टाकलं. माझी चौकशी झाली, ताशेरे ओढले गेले, नोकरी राहिली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी कार्यालयात ठराव पक्का लिहीत होते. रुक्मिण समोर बसली होती, फरशीवरच. मी तिची माफी मागितली. ती अंगठ्याची शाई पदराला पुसत राहिली. मी गप्प बसायला हवं होतं, पण अंगात दिवसभराचं वारं भरलं होतं.

“आता एवढ्या बायकांची साक्ष आहे,” मी म्हणाले. “रुक्मिण हे नाव तुमच्यावर लादलेलं. तुमची हरकत नसेल तर पुढच्या सगळ्या कागदांवर मथुरा लावून घेऊ. मी सगळे अर्ज लिहिते. तुमचं स्वतःचं नाव आहे, तुमचा हक्क आहे तो.”

तिनं दाराबाहेर बघितलं. आसरामाय पायरीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी घेऊन, हिला घरी न्यायची वाट बघत.

“लिव्हता येईल का तसं?”

“येईल.”

 ती म्हणाली, “नगं, म्याडम. रुक्मिणच ऱ्हाऊ द्या. म्हातारीला आता दिसत नाई. सांजच्याला भाकर घेऊन गेले की ती हाक मारती, रुक्मिणे, आलीस का गं? मी व्हय म्हनते. मथुरा म्हनून गेले तर तिच्या हाकेला कोन व्हय म्हनंल?”